तीन टाळ्या

भाच्यानं दुकानाच्या उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली, तेव्हाच तांबटमामांनी ओळखलं, की स्वारी सरकारी कामानं आली आहे.

"मामा, उद्या दहा ते बारा गल्लीत एकही हातोडा वाजता कामा नये."

भाचा प्रांताच्या विकास कार्यालयात होता. बाहेरच्या कंपन्यांना पायघड्या घालून आणायचं, हे त्याचं काम. गल्लीमागच्या बंद गिरणीत सिनेमांचे आणि संगणकावरच्या खेळांचे आवाज भरणारी कंपनी यायची होती. उद्या तिचा आवाजातला जाणकार जागा तपासणार होता.

"उद्याचं समजलं. कंपनी आल्यावर?"

"मग गल्ली उठेल. शहराबाहेर जागा देऊ."

"गिऱ्हाइकंही तिकडे नेऊन बसव मग."

"तुमच्या पोराला कंपनीत पहारेकरी लावतो ना!"

"उपकार झाले. कारागिराच्या हातात काठी द्या."

"जग कुठल्या कुठे गेलं, तुम्ही बसा ठोकत."

"याच ठोकण्यावर शिकलास. तेव्हा बरे नाही दुखले कान?"

"नाही ऐकलंत, तर दारात पोलीस उभे करीन!"

मामी पाणी घेऊन आली होती, ती तशीच आत वळली. मामांनी दोन तासांचा शब्द दिला, पण भाच्याकडे न बघता. दिलेला शब्द मात्र त्यांनी आजवर मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गल्ली मुकी झाली. मामांपुढे कमरेएवढी तांब्याची टाकी अर्धवट पडली होती आणि हातोडा मांडीवर. भिंतीपलीकडे गिरणीत पावलं वाजली. मग जाणकारानं घुमारा पाहायला टाळ्या वाजवल्या. सावकाश. एक, दोन, तीन.

आता गल्लीत सावकाश तीन ठोके म्हणजे, 'भांडं उलटायचंय, हात द्या.' ऐकणाऱ्यानं तीन ठोके परत द्यायचे आणि काम टाकून धावायचं, ही बापजाद्यांची रीत. मामांचा हात त्यांना न विचारताच उठला. टाकीवर तीन ठोके पडले. शेजारून तीन, समोरून तीन, आणि बघता बघता सगळी गल्ली दणाणली. माणसं रस्त्यावर येऊन एकमेकांना विचारू लागली, "कोणाचं भांडं?"

बारा वाजता भाचा तणतणत आला. "पाहुणा निघून गेला. केसानं गळा कापलात माझा!"

शब्द मोडला म्हणून मामांची मान खाली होती. "चुकून झालं," एवढं त्यांच्या ओठांवर आलंच होतं, तोच भाच्यानं कागद पुढे केला.

"चुकून झालं म्हणून लिहून द्या. पुढच्या आठवड्यात त्याला परत आणतो. त्या दिवशी हातोडेच उचलून नेऊ सगळ्यांचे."

मामांनी मान वर केली.

"देतो लिहून. पण चूक कोणाची, तेही लिहीन. दहा वर्षं माझ्याबरोबर टाक्या उलटल्यास. तीन टाळ्या वाजवू नका म्हणून पाहुण्याला सांगायचं कोणी?"

भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. कागदाची घडी होऊन खिशात गेली.

"तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवलं तर विचारा!"

"नको ठेवूस."

भाचा वळला. मामांनी टाकीवर सावकाश तीन ठोके दिले. उंबऱ्याबाहेर पडलेला भाच्याचा पाय क्षणभर अडखळला. मग तो भराभरा चालू लागला. समोरून शेजारी हात पुसत धावत येत होते. ते त्याला वळसा घालून मामांच्या दुकानात शिरले.