पाहिलं की कोरा होणारा फलक

भावजींना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं, तशी ताई बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक फलकासमोरची खुर्ची धरून बसली. आत काम कुठवर आलं, ते त्या फलकावर रुग्णाच्या क्रमांकापुढे उमटायचं. ही माहिती पुरवणारी संगणक-सेवा ताईच्या धाकट्या बहिणीनंच लिहिलेली, त्यामुळे एवढ्या काळजीतही धाकटीची कॉलर ताठ होती.

तिनं सहज मोबाइलवर त्याच माहितीचं ताजं पान उघडून पाहिलं. जरा वेळानं फलक कोरा झाला.

"अगं, हे काय?" ताई कासावीस झाली.

"माझ्याकडे दिसतंय की. चालू आहे म्हणतंय."

"तुझ्या मोबाइलचं मला नको सांगूस."

काही वेळानं फलक आपोआप जागा झाला. खात्री करावी म्हणून धाकटीनं पुन्हा ताजं पान मागवलं, आणि फलक पुन्हा कोरा! आता मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. फलक परत येताच तिनं मुद्दाम तिसऱ्यांदा पाहिलं. तेच! भावजी आत टेबलावर आणि आपल्याला चक्क मजा वाटतेय, याची तिला लाजही वाटली. पण कुतूहल काही गप्प बसेना.

उलगडा झाला तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. पत्ता एकच, पण मोबाइल मागायचा वाचायला सजवलेलं पान, आणि फलक मागायचा नुसता डेटा. सेवा ज्याला त्याला हवं तसं द्यायची. मधे मात्र, सर्व्हरवर ताण नको म्हणून, तिनं उत्तरांचा तात्पुरता साठा ठेवला होता. तो फक्त पत्ता बघायचा, कोण काय मागतंय ते नाही. मोबाइलसाठी आलेलं ताजं पान तो खुशाल फलकाच्या गळ्यात मारत होता, आणि फलकाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. थोड्या वेळानं साठा आपोआप रिकामा झाला, की मगच फलक जागा व्हायचा.

तिनं ऑफिसातल्या जोडीदाराला फोन लावला. "प्रत्येक प्रकाराची प्रत वेगळी ठेवायला सांग साठ्याला. एका ओळीचं काम आहे."

"थांब, आधी ताजं करून बघतो."

"बघू नकोस!" ती ओरडली. पण त्यानं पाहिलंच, आणि फलक पुन्हा गेला.

शेवटी त्यानं ती ओळ घातली. फलक उजळला. भावजींच्या क्रमांकापुढे होतं: 'शस्त्रक्रिया संपली. प्रकृती स्थिर.'

ताई हमसून रडू लागली. "दर वेळी कोरा झाला की वाटायचं, हे गेले, म्हणून यांचा नंबर पुसला."

"अगं, सगळ्यांचेच जात होते."

"मी दुसऱ्यांचे कुठे बघत होते?"

धाकटीनं मोबाइल पालथा ठेवला. "ताई, ते मीच पुसत होते. एकदा तर मुद्दाम."

पण ताई केव्हाच दाराकडे धावली होती.