कॉन्टेसाची खंडेनवमी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. दीपक. 'अहो, तो चौदाचा पाना देता का' म्हणेपर्यंत हातातला नट घरंगळत गाडीखाली जातो, आणि तो शोधायला मलाच पालथं पडावं लागतं. माझ्या सासूबाई, कलाबाई, सुरुवातीला यावरून फार चिडायच्या. नंतर त्यांनी नाद सोडला. "हिच्या तोंडी लागून कोणाचं भलं झालंय?" म्हणायच्या. खरंच आहे ते. मी देवळ्याची. आमच्याकडे कांद्याच्या लिलावात ओरडल्याशिवाय कोणी ऐकत नाही, ती सवय अंगात मुरली ती मुरलीच.

मी आयटीआय केलेली टर्नर. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये माझी लेथ आणि दीपकचं बेंच समोरासमोर होतं. बाकी काय सांगायचं, लग्न झालं. मखमलाबादला त्यांचा मळा, गुलाब, शेवंती आणि दसऱ्याला झेंडू. मळ्याच्या तोंडाशी पत्र्याची मोठी शेड होती. तिथे कलाबाई चार बायका घेऊन फुलं निवडायला, हार ओवायला बसायच्या. आम्ही दोघांनी नोकरी सोडून गॅरेज काढायचं ठरवलं तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे खंडेरावांनी, ती शेड आम्हाला दिली. कलाबाईंना एका शब्दाने विचारलं नाही. त्यांची फुलांची पाटी, सुया, दोऱ्याची रिळं उचलून घरात आणली गेली. त्या दिवसापासून त्या शेडच्या उंबऱ्यावर आल्या नाहीत. जेवायला बोलवायचं असलं तरी लांबून ओरडायच्या.

गॅरेज बरं चालायचं. पण दीपकच्या डोक्यात किडा होता, शर्यतीचा. नाशिकला तेव्हा मोकळ्या मैदानात मातीवरच्या शर्यती व्हायच्या, आणि मुंबई-पुण्याची पोरं भारी गाड्या आणून जिंकून जायची. आम्ही नाशिक रोडच्या एका रिटायर साहेबांची जुनी कॉन्टेसा घेतली. लांबलचक, जड, म्हशीसारखी शांत गाडी. दीपक म्हणाला, हिला दोन टर्बो लावायचे.

मी म्हटलं, "एक लावून बघ आधी, शहाण्या."

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. एकच मोठा लावला तर तो फिरायला लागेपर्यंत वळण संपतं. दोन लहान लावले तर लगेच जागे होतात. दीपकचं हे बरोबर होतं, आणि तसं मी त्याला कबूलही केलं, जे मी फारसं करत नाही. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात एकसारखे दोन मिळाले. धुराचे पाईप मी जाड नळीची वळणं कापून, जोडून वेल्डिंगने केले. कार्बोरेटरवर हवाबंद पेटी बसवली. पहिल्यांदा हवेच्या दाबाने आतला, पेट्रोलवर तरंगणारा पितळी फ्लोट चेपला, परत केला. गळलं, फाटलं, तापलं, परत केलं.

टर्बोचा दांडा इतका भयंकर वेगाने फिरतो की त्याला सारखं तेल लागतं. क्षणभर तेल थांबलं की दांडा अडकला, संपला विषय. म्हणून माझा एक नियम होता. कुठलाही पाईप सोडला की त्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं आणि वर सुतळी. दीपक हसायचा. "लोणच्याच्या बरण्या आहेत का गं?"

"आहेत," मी म्हणायची. "बुरशी आली तर तुलाच खायला घालीन."

गाडीची पहिली फेरी पेठ रोडला झाली आणि हवेची नळी फाटून आम्ही रस्त्यात बसलो. सासऱ्यांचे चुलतभाऊ धोंडीराम ट्रॅक्टर घेऊन आले आणि आम्हाला भर बाजाराच्या वेळी गावातून ओढत आणलं. वर पारावर थांबून म्हणाले, "खंडेराव, सुनेचं विमान उतरवून आणलं बरं का!" सगळा पार हसला. माझं तर डोकंच फिरलं होतं, पण ट्रॅक्टर त्यांचा, बोलणार काय?

सासरे कमी बोलतात. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "झेंडू ठेवायला जागा नाही. तुमच्या या गाडीने शेड अडवलीय. दसऱ्याला शिलंगणाला काढा तिला. मातोरीच्या शिवेला जायचं, परत यायचं, आपल्या चाकांवर. ट्रॅक्टर लागला तर शेड माझी."

"आणि गॅरेज?" मी विचारलं.

"शेडबरोबर."

म्हणजे सगळंच. दुसरी जागा आमच्याकडे नव्हती. दीपक पुन्हा कंपनीत शिफ्टला आणि मी चुलीपुढे. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचेना.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. खुरपं, विळे, नांगर, आणि आता लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं यंत्र. सगळं पुसून, मांडून ठेवायचं, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला ती हलवेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. टर्बोंचे तेलाचे पाईप आम्ही आदल्या दिवशी काढून डिझेलने धुतले होते. तोंडं बांधलेली होती, टर्बोंचीही आणि पाइपांचीही. दसऱ्याला सकाळी जोडायचे एवढंच काम उरलं होतं.

आणि पूजेच्या वेळेला उंबऱ्यावर कलाबाई. ठेवणीतलं लुगडं, हातात ताट, ताटात झेंडू, हळदकुंकू, कुंकवात भिजवलेल्या लाल अक्षता. मी बघतच राहिले. दीपकने घाईघाईने पाट ठेवला, तो उलटा ठेवला.

"सरक," त्या मला म्हणाल्या. "पूजा म्हंजे काय फवारा मारायचा हाय व्हय? मी करते."

लेथला कुंकू लावलं. कॉम्प्रेसरला हार घातला. पान्यांवर एकेक फूल वाहिलं. मग गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी आल्या आणि थबकल्या.

"ही कसली फडकी? हत्याराचं तोंड बांधून पूजा करतेत का कुठं? आजारी हाय का ती? सोड, सोड."

दीपकने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तोवर त्याने सुतळ्या सोडल्याही होत्या. आई शेडमध्ये आली याचाच त्याला एवढा आनंद झाला होता की तिने इंजिन सोडायला सांगितलं असतं तर तेही सोडलं असतं.

"ही दोन सारखी सारखी काय हायेत?"

"टर्बो," मी म्हटलं. "सगळी ताकद यांच्यातच आहे, आत्याबाई."

"मग यांनलाच जास्ती," असं म्हणून त्यांनी दोन्ही टर्बोंना, पाइपांना मूठभर अक्षता वाहिल्या. डोळे मिटून हात जोडले. किती तरी वेळ जोडले. मला एकदम भरून आलं. एवढ्या वर्षांत या बाईने माझ्या कुठल्याच गोष्टीला हात जोडले नव्हते.

दसऱ्याच्या पहाटेपासून आम्ही सगळे झेंडू तोडायला मळ्यात. दिवस वर आला तसे सासरे दीपकला म्हणाले, "जा, गाडी जोड. मुहूर्त जाईल." एरवी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकल्याशिवाय आम्ही पाईप बसवत नाही. पण कॉम्प्रेसरवर कालचा हार, आणि सासऱ्यांचं म्हणणं, आधी शिलंगण, मग पूजा हलवू. दीपकने चौदाचा पाना तेवढा नमस्कार करून उचलला. अक्षता झटकल्या, वरून पुसलं, पाईप जोडले. मी आले तेव्हा बॉनेट बंद होतं.

गाडी मी चालवली. दीपक शेजारी. पारावर अख्खं गाव. गाव सुटल्यावर मी पाय दाबला, आणि काय सांगू! आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग एकदम पाठीत धक्का. ती म्हैस अशी उधळली की दीपक "अगं आई गं" करून ओरडला. मी मोठ्याने हसत होते. मातोरीची शीव आली, वळवली, आणि परत निघालो.

आमच्या मारुतीचा कळस दिसत होता तेव्हा उजवा टर्बो किंचाळला. लोखंडावर लोखंड घासल्यावर येतो तसला आवाज. मागे निळापांढरा धुराचा लोट. दीपक म्हणाला, "जाऊ दे तशीच, गाव आलंच!" तशीच रेटली असती तर पोचलोही असतो, पण टर्बोचे तुकडे इंजिनात जाऊन सगळं मातीत गेलं असतं. मी चावी फिरवून बंद केली. थोड्या वेळाने धोंडीरामांचा ट्रॅक्टर आला.

शेडमध्ये आल्या आल्या मी बॉनेट उघडलं. उजव्या टर्बोला तेल नेणारा पोकळ बोल्ट काढून उजेडात धरला. भोकात काहीतरी अडकलं होतं. सुईने काढलं. तांदळाचा दाणा. तेलाने काळा झालेला, एका टोकाला अजून कुंकवाचा लाल.

डोक्यात सणक गेली. तो दाणा तळहातावर घेऊन मी तशीच घराकडे निघाले. म्हटलं आज सोडत नाही. शेड घेतली म्हणून एवढी वर्षं उंबऱ्यावर पाऊल नाही, आणि आल्या त्या पूजेच्या नावाने घात करायला! मुद्दाम केलं नाही हे मला कळत होतं. पण राग आला की कळून काय उपयोग?

ओसरीवर सासरे आपट्याची पानं हातात घेऊन उभे होते. सोनं द्यायला आलेली माणसं बसली होती, त्यात धोंडीराम. आणि दाराच्या आत, भिंतीला टेकून कलाबाई. जेवलेल्या नव्हत्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "माझ्या हातची पूजा लाभली नाय गं पोरी. मीच यायला नको व्हतं."

सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं सूनबाई?"

मी मूठ मिटली. म्हटलं, "माझ्या वेल्डिंगचा खडा राहिला पाइपात. माझी चूक."

दीपकने चमकून बघितलं. त्या पाइपाला वेल्डिंग नव्हतंच. धोंडीराम म्हणाले, "बायकांच्या हातात वेल्डिंग दिल्यावर दुसरं काय होणार!" मी त्यांना सोडायला नको होतं. सोडलं. दाणा बॉयलरसूटच्या खिशात टाकला आणि जाऊन भांडी घासायला बसले. इतकी घासली की एका पातेल्याची कल्हई गेली.

रात्री दीपकला खरं सांगितलं. तो म्हणाला, "शेड गेली तरी चालेल, पण हे आईला सांगू नको." आम्ही सामान बांधायला घेतलं.

आणि सासरे काही बोललेच नाहीत. दिवाळी गेली. एक दिवस मीच विचारलं, "मामा, शेड कधी रिकामी करू?" ते म्हणाले, "कामं करा तुमची," आणि मळ्यात निघून गेले. आम्ही भंगार बाजारातून दुसरा टर्बो आणला, बसवला. हिवाळ्यातल्या शर्यतीत कॉन्टेसा आमच्या गटात दुसरी आली. गॅरेजला गिऱ्हाईक वाढलं.

फक्त घरात एक त्रास सुरू झाला. कलाबाईंनी फुलांचं सगळं काम स्वतःच्या खोलीत आणलं. जाळ्या, क्रेट, ओली पोती. पलंग बाहेर काढला आणि त्या फुलांच्या मध्ये जमिनीवर झोपायला लागल्या. मुंग्या, चिलटं, तो उग्र वास. मला वाटलं, हा मला टोमणा आहे, शेड अडवली म्हणून. मी दोनदा बोलून दाखवलं. "एवढं दाखवून द्यायची काही गरज नाही," असंही म्हटलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

पुढची खंडेनवमी आली. ताट घेऊन त्या पुन्हा शेडमध्ये आल्या. कॉन्टेसाचे पाईप आम्ही त्या वर्षीही धुऊन काढले होते, पण या वेळी मीच फडकी सोडून ठेवली होती. म्हटलं, पूजा झाली की राहिलेलं मी बघीन, त्यांचं मन मोडायला नको.

त्यांनी ताट खाली ठेवलं. कमरेची पिशवी काढली. आत धुतलेल्या लुगड्याच्या पांढऱ्या चिंध्या होत्या, चौकोनी फाडलेल्या. एकेक घेऊन त्यांनी स्वतः प्रत्येक तोंड बांधलं, हाराच्या दोऱ्याने, घट्ट. मग कुंकू लावलं. मग अक्षता.

मला काही समजेना. त्यांनी कुंकवाचा करंडा उघडून माझ्यापुढे धरला. आत एक काळा दाणा.

"तुझे कपडे धुतले व्हते मी त्या रात्री. तेल लागलेले. म्हटलं, पोर दमलीय." मग म्हणाल्या, "वेल्डिंगचा खडा असा असतो व्हय गं?"

"आत्याबाई..."

"ह्यांनला तवाच सांगितलं. माझ्या तांदळानं झालं, तिच्यानं नाय. शेड पोरांकडंच राहू दे. फुलं माझ्या खोलीत ठेवते, जवर जमतंय तवर."

वर्षभर त्या बाईने फुलांत झोप काढली होती, आणि मी वर तोंड करून बोलले होते. मला रडू आलं. मला रडता येत नाही नीट, मी रागावल्यासारखीच रडते. "सांगायचं नाही का एका शब्दाने!" मी ओरडले.

"तू सांगितलंस का?" त्या म्हणाल्या.

दुपारी दीपकला म्हटलं, गाडी मागच्या भिंतीला लाव, पार चिकटवून. अर्धी शेड झाडून घेतली. कलाबाईंची पाटी आम्ही दोघींनी उचलून आणली आणि जुन्या जागी ठेवली. आता त्या तिथे बसून हार ओवतात आणि मी समोर लेथ चालवते. जाळ्या हलवल्या की झेंडूच्या पाकळ्या उडून गाडीवर पडतात. मी काही म्हणत नाही. तोंडं त्यांनीच बांधलेली असतात.