मंतरलेली नाकं

कॉम्प्रेसर शेडच्या दाराशी सकाळपासून ही गर्दी. निळ्या डगल्यातले कामगार हेल्मेटं काढून, गुडघे मोडून, हात जोडून बसलेले. कॅन्टीनच्या बायका मोगऱ्याचे हार घेऊन आल्या होत्या. फाटकाजवळच्या भूदेवतेच्या छोट्या देवळापुढे एरवी नैवेद्याला लाल सरबताची एखादी बाटली असते, आज तिथे ओळच लागली होती. आणि मधोमध चौरंगावर आचान बुनलुए. आचान म्हणजे गुरुजी. पांढरे कपडे, आणि गळ्यात ताईतांचा एवढा भार की मान आपोआप नम्र झालेली.

"या जागेची मूळ मालकीण कोण?" आचाननी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितलं, "इथे ताडाचं बन होतं. त्या बनात एक बाई राहायची. तिला न विचारता तुम्ही खांब रोवलेत. ती चिडली आणि तुमच्या भिंतीवरच्या नाकांत जाऊन बसली. ती शिंकली की कारखाना बंद. बरोबर की नाही?"

"बरोबर, आचान," लोक एका सुरात म्हणाले.

बरोबर म्हणण्यासारखं घडलंही होतं. शेडमध्ये एथिलिन नावाचा वायू दाबला जाई. एक ठिणगी त्याला पुरते. म्हणून भिंतीवर गॅस हुंगणारी यंत्रं बसवलेली. कामगार त्यांना नाकं म्हणत. एका नाकाला गॅस लागला की भोंगा वाजायचा, दोन नाकांना एकदम लागला की कोणालाही न विचारता अख्खा कारखाना आपोआप थांबायचा. गेल्या महिन्यात असं वारंवार झालं. दर वेळी माणसं साबणाचं पाणी घेऊन पाइपांकडे धावली. पण तोवर दाब उतरलेला असायचा आणि गळती काही सापडायची नाही. मग आचानना बोलावलं. थायलंडच्या या रायोंग भागात नवी गाडी घेतली, दुकान उघडलं की ते मंतरून घेतात, तशी त्यांनी नाकं मंतरली. प्रत्येकाच्या तोंडावर सुगंधी तेल चोळलं, बोटाने ठिपके काढले. त्या दिवसापासून भोंगा एकदाही वाजला नव्हता.

गर्दीच्या मागे ऑय उभी होती. ही आपोआप थांबण्याची सगळी व्यवस्था तिच्या ताब्यात होती. कारखान्याची कंट्रोल इंजिनिअर ती. कारखाना थांबला की शिव्या तिला. व्यवस्थापक विरोत, ज्यांना सगळे मोठा भाऊ मानून पी विरोत म्हणत, त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "पुन्हा तुझ्या यंत्राने उगाच कारखाना बंद पाडला तर तू घरी बसायचं." उगाच बंद पाडला नव्हता. तिने तारा, कार्डं, नाकं सगळं तपासलं होतं आणि सगळं ठणठणीत होतं. नाकं मंतरल्यावर तिला ती पुन्हा तपासायची होती, तर आचानचा निरोप आला की मंतरलेल्या वस्तूला बाईचा हात लागला तर मंत्र उतरतो. पी विरोतनी तिला शिडीच देऊ दिली नाही. बँकॉकच्या मुख्य कचेरीला तिने कळवलं, तर तिथून उत्तर आलं, स्थानिक भावना सांभाळा.

"उभी का, पोरी? बस की," शेडमधले म्हातारे ऑपरेटर लुंग सनान म्हणाले. लुंग म्हणजे काका, आणि ऑय त्यांना काकाच मानायची. "आज शेवटचा विधी. आचान आत जाऊन मेणबत्ती पेटवणार, मेणाचे थेंब घागरीत पाडणार आणि ते पाणी सगळ्या नाकांवर शिंपडणार. मग कायमची कटकट गेली."

"आत? शेडमध्ये मेणबत्ती?"

"पी विरोतनी परवानगी दिलीय. नाकं गप्प आहेत ना आता."

"लुंग, आत कसला वास येतो का हो?"

"येतो की. गोडसर. आचान म्हणाले, बाई प्रसन्न झाली की असाच वास येतो. आज तर डोकं जड झालं त्या वासाने."

एथिलिनचा वास गोडसरच असतो. ऑय गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि शेडच्या दारात पाय रोवून उभी राहिली.

"पी विरोत, मेणबत्ती आत जाणार नाही."

"ऑय, लोकांसमोर तमाशा नको."

"बाई, बाजूला हो," आचान शांतपणे म्हणाले. "विधीवर तुझी सावली पडतेय."

"पडू दे. सावलीने आग लागत नाही. मला एक नाक तपासू द्या. ते चालत असेल तर तुमची मेणबत्ती मी स्वतः धरते."

गर्दीला ही पैज आवडली. लोकच "होऊ दे, होऊ दे" म्हणू लागल्यावर पी विरोतचं काही चालेना. शिडी आली. ऑयने चाचणीच्या गॅसची छोटी बाटली नाकाला लावली. भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही. दुसऱ्या नाकाला लावली, तिसऱ्याला लावली. तीच गत.

"पाहिलंत?" ती खाली उतरण्याआधीच आचाननी हात वर केले. "या बाईने स्वतः गॅस पाजला, तरी भूत जागं झालं नाही. याला म्हणतात मंत्र."

लोकांनी जमिनीला कपाळं टेकली. पी विरोतसुद्धा हसले. ऑयला वाटलं होतं की मेलेलं नाक दिसल्यावर माणसांचे डोळे उघडतील. इथे तर मढ्यालाच हार पडत होते. तिला रडू येण्याइतका संताप आला आणि त्या संतापातच तिला वाट सुचली.

"मान्य," ती म्हणाली. "मंत्रात ताकद आहे म्हणता ना? मग नुसता मंत्रच पाहू."

तिने भांडारातून दोन कोरी नाकं आणवली, शेडपासून लांब वर्कशॉपच्या टेबलावर ठेवली आणि लांब तारांनी घंटांना जोडली. गॅस लावताच दोन्ही घंटा ठणाणल्या. सगळ्यांनी ऐकलं.

"आचान, यावर मंत्र म्हणा. येतात तेवढे म्हणा. फक्त तेल लावू नका."

"तेलाशिवाय मंत्र धरत नाही."

"म्हणजे मंत्र तेलात आहे?"

"तेलातच आहे."

"मग बाईचा हात लागला की उतरेल ना?" ऑयने त्यांच्या तबकातल्या तेलात बोट बुडवलं आणि ते दुसऱ्या नाकाच्या तोंडावर चांगलं चोळलं. "मला एकही मंत्र येत नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा."

आचानचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. पण गर्दी बघत होती, तेव्हा त्यांनी पहिल्या नाकावर मंत्र म्हटले, फुंकर मारली, ताईत फिरवले. थोडा वेळ गेला. मग ऑयने पुन्हा गॅस लावला.

मंत्र म्हटलेलं नाक ठणाणा बोंबललं. बाईच्या हातचं तेल लागलेलं नाक गप्प राहिलं.

लुंग सनान उठले. त्यांनी तबकातलं तेल बोटांवर चोळलं, हुंगलं, पुन्हा चोळलं. "मोगरा वरून घातलाय," ते सावकाश म्हणाले. "खाली टायरला चकाकी आणतात ते आहे. माझ्या गाडीला मीही लावतो."

"त्यात सिलिकॉन असतं, लुंग. या नाकाच्या आत एक बारीकसा तापलेला मणी असतो. गॅस लागला की तो आणखी तापतो आणि त्यावरून यंत्राला कळतं. सिलिकॉन त्या मण्यावर काचेसारखं चढतं, मग गॅस त्याला लागतच नाही. आणि तो मेला हे यंत्राला कळतही नाही. ते आपलं शून्य दाखवत राहतं. भूत पळालं नाही. पहारेकऱ्याचा गळा आवळला गेलाय."

"बरं, कळलं," पी विरोत घाईने म्हणाले. "उद्या नवी नाकं बसव. पण आज काही थांबवायचं नाही, धक्क्यावर जहाज उभं आहे."

घंटा टेबलावरच ठेवून ऑयने मंत्र म्हटलेलं ते चालतं नाक तारेसकट उचललं, शेडपर्यंत नेलं आणि दारातून आत सरकवलं. चाचणीच्या गॅसची बाटली तर बंद करून टेबलावरच ठेवलेली होती. घंटा वाजू लागली. ती थांबेना. मघाशी जिथे कपाळं टेकली होती तिथे आता सगळे उभे होते. कोणी तरी मेणबत्त्यांचं तबक उचलून बादलीत बुडवलं.

"सगळे फाटकाबाहेर," ऑय म्हणाली आणि भिंतीवरच्या लाल बटणाकडे वळली.

"ऑय, नोकरी जाईल."

"नोकरी तुम्ही घ्या, पी विरोत. कारखाना मी बंद करते."

तिने बटण दाबलं. कॉम्प्रेसरची घरघर उतरत उतरत थांबली.

दुसऱ्या दिवशी पाइपांत न पेटणारा नायट्रोजन भरून पूर्ण दाब दिला आणि साबणाचं पाणी लावलं, तेव्हा कॉम्प्रेसरमागच्या एका जोडाला बुडबुडे आले. केसाएवढी चीर होती. दाब असला की उघडायची, दाब उतरला की मिटायची. आचान जिथे मेणबत्ती पेटवणार होते ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर होती. स्वतः आचान मात्र गर्दीबरोबर फाटकाबाहेर पडले ते परत आले नाहीत. पुढे कळलं की त्यांचं आधी गाड्या धुण्याचं दुकान होतं. एकदा कुठल्याशा कारखान्यात नाकं चकचकीत करून दिली तर भोंगे थांबले, तिथून हा धंदा सुचला. का थांबतात हे त्यांना माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

ऑयची नोकरी गेली नाही. बँकॉकचे साहेब चीर बघायला आले, तेव्हा स्थानिक भावनांचा विषय कोणी काढला नाही.

नवी नाकं बसवायला ती स्वतः शिडीवर चढली. खाली शिडी लुंग सनाननी धरली होती.

"पोरी, मग ती ताडाच्या बनातली बाई?"

"असलीच, तर ती महिनाभर ओरडत होती, बाहेर पळा म्हणून. आपण तिच्या तोंडात बोळा कोंबला."

ऑयने शेवटच्या नाकाला गॅस लावला आणि भोंगा अख्ख्या कारखान्यावर घुमला. एरवी या आवाजाला शिव्या हासडणारी माणसं आज काम थांबवून तो ऐकत उभी होती. ऑय वरूनच त्यांना म्हणाली, "भूदेवतेला सरबत ठेवा, मीही ठेवते. पण भोंगा वाजला तर चिडू नका, शोधा. आणि वाजायचा थांबला, तर हार आणण्याआधी विचारा, तो का थांबला."