मूळव्याधीवर सुरण

आमच्या ह्यांनी, म्हणजे शंकररावांनी, मूळव्याधीचा विषय काढला तोही ऐन जेवताना. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं; शिकागोला मुलाकडे आलो तरी शब्द सोलत बसायची खोड गेली नव्हती.

“मूळ म्हणजे बूड,” ते मला सांगू लागले. “व्याध म्हणजे व्याधी. बुडाचं दुखणं! वैद्य त्याला अर्श म्हणतात, शत्रूसारखं छळतं म्हणून. पण आपल्या लोकांनी कसं लाज राखून नाव ठेवलंय बघ.”

“बाबा, प्लीज! जेवतोय आपण,” आमचा धम्मदीप म्हणाला. हसला मात्र नाही. आदल्याच दिवशी बापलेक रिपोर्ट घेऊन आले होते आणि “मूळव्याधच आहे आई, डोन्ट वरी,” एवढंच मला सांगितलं होतं.

“जित्याची खोड,” मी म्हणाले. त्या म्हणीचा पुढचा भाग आता माझ्याने उच्चारवत नाही.

मूळव्याधीवर सुरण, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून सुरण आणवला, हाताला तेल लावून चिरला, चिंच घालून शिजवला. रोज. ह्यांना सुरण मुळीच आवडत नाही, तरी ताटातला संपवून म्हणायचे, “उतार पडतोय हं.”

मग एकदा तपासायला जाताना मीही हट्टाने गेले. धम्मदीपने मला पार्किंगमध्ये गाडीतच बसवून ठेवलं. बसवलं खरं, पण डोळे काही बांधले नव्हते. कॅन्सर हा शब्द मला इंग्रजीतही वाचता येतो, आणि त्या इमारतीवर तो हातभर अक्षरांत होता. पदर तोंडात कोंबून मी रडले. दोघं येताना दिसले तशी डोळे पुसून म्हणाले, “संध्याकाळी सुरणच करते.”

दुसरं काय करणार होते? सुरण थांबवला असता तर ह्यांना कळलं असतं, की मला कळलंय. माझ्या जिवाला घोर नको म्हणून एवढं खोटं सांभाळत होते बिचारे. ते हिसकावून घ्यायला माझं मन धजेना.

काल मी सुरण चिरायला घेतला. हे आता वाळून काडी झालेत. भिंत धरत स्वयंपाकघरात आले आणि माझ्या तेलकट हातातली सुरी काढून घेतली.

“जाई, पुरे झाला सुरण,” ते म्हणाले. “कधीपासून माहितीये तुला?”

“पार्किंगपासून.”

त्यांनी माझा हात धरला. “मग आज पिठलं कर,” म्हणाले. “मला पिठलं खायचंय.”

मी बेसनाचा डबा काढला. आधण येईपर्यंत आम्ही दोघांनी रडून घेतलं.