बेडूक जिवंत होते

वडूजच्या पुढं माळरानात एका ओढ्याला बांध घालून केलेला पाझर तलाव आहे. बांधाच्या खालच्या अंगाला भोयांची वस्ती. ही माणसं बापजाद्यांपासून त्या ओढ्यात, तलावात, पार येरळा नदीच्या डोहांपर्यंत जाळी टाकत आलेली. पाऊसमान घटलं, डोह आटले, जाळ्यात येणारा मासा बोटाएवढाच राहिला, तेव्हा वस्तीतल्या तरण्या पोरांनी ट्रकवर नाहीतर वीटभट्टीवर कामं धरली. मागं राहिलेल्यांचं कसंबसं चाललं होतं. अशात सांगलीच्या एका संस्थेनं मासेमार बायकांसाठी मासे वाढवण्याचं प्रशिक्षण काढलं. वस्तीतून ज्या गेल्या त्यांत केरबाची बायको विजयमाला सगळ्यांच्या पुढं होती.

तिथं शिकवायला संयोगिता मॅडम होत्या. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि आपला तळवा दिसतो का बघायचं. दिसला नाही तर पाणी फार हिरवं झालंय, खाद्य बंद करायचं. आभाळ भरून आलेलं असेल तर खाद्य द्यायचंच नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील तर त्यांना पाण्यात हवा कमी पडतेय. विजयमाला हे सगळं असं टिपून घ्यायची की मॅडम शेवटी शेवटी इतर बायकांना म्हणायच्या, "काही अडलं तर यांना विचारा." हे ऐकलं की तिला बरं वाटायचं. घरी आल्यावर ती ते दोनदा-तीनदा सांगायची.

गावानं तलाव बायकांच्या गटाला चालवायला दिला. कटला, रोहू, मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. विजयमाला अध्यक्ष झाली आणि तिनं पहिला नियम केला: मासे वाढेपर्यंत तलावात कुणी जाळं टाकायचं नाही.

नियम सगळ्यांनी मानला, पण तो गुंडाआप्पांच्या जिव्हारी लागला. आप्पा केरबाचे सख्खे चुलते. केरबाचा बाप लवकर गेला तेव्हा त्यांनीच त्याला वाढवलं, पोहायला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. विजयमालाच्या माहेरी मासेमारी कधीच सुटली होती. जाळ्याची फाटलेली घरं कशी विणायची हे तिला सासरी आल्यावर आप्पांनीच दाखवलं होतं. म्हातारपणी त्यांचा एकच नेम होता. सकाळी तलावावर जायचं, जाळं फेकायचं, कालवणापुरतं आणायचं. एका सकाळी विजयमाला बांधावर आडवी उभी राहिली.

"आप्पा, आता न्हाई टाकायचं जाळं. गटाचा नियम हाय."

"माझ्या तलावावर मला नियम?"

"तलाव गटाचा हाय, आवं. समद्यांचाच हाय."

आप्पांनी जाळं खांद्यावर घेतलं. बायका बघत होत्या. एका सुनेनं चारचौघांत अडवलं, हे त्यांना सोसलं नाही. जाता जाता ते ओरडले, "बघतो कसं मासं धरताय त्ये!"

रागाच्या भरातला शब्द. वस्तीनं तो ऐकला आणि विसरूनही गेली.

मासे वाढू लागले. गटाच्या बायका आळीपाळीनं खाद्य घालायच्या, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा कालवून. त्या सुमारास प्रशिक्षणाच्या फोनवरच्या ग्रुपवर कुंडलच्या गटातल्या बायकांनी आपल्या तळ्यातल्या कटल्याचा फोटो टाकला. दोन्ही हातांनी धरलेला, लेकरासारखा. खाली संयोगिता मॅडमचं कौतुक. विजयमालानं तो फोटो किती वेळा उघडून पाहिला असेल! आपले मासे त्यापुढं बारके दिसत होते. त्यातच निरोप आला की सगळ्या गटांचे लोक तलाव बघायला वस्तीवर येणार, कुंडलच्याही बायका येणार.

मग तिनं स्वतःच्या मनानं खाद्य वाढवलं. दुपारी बायका पांगल्या की ती एकटीच परत जायची आणि आणखी पाट्या ओतायची. पाणी गर्द हिरवं झालं. हात बुडवून बघायची गरजच नव्हती, इतकं हिरवं. पाहुणे यायचे होते त्याच्या आधल्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं, वारा पडला होता. तिला सांगलीतलं सगळं आठवत होतं. तरी 'एक दिवसानं काय होतंय' म्हणत तिनं पाट्या रिकाम्या केल्या.

पहाटे रेश्मा आरडत आली. रेश्मा तिची शेजारीण, गटातली सगळ्यात धाकटी.

"वैनी, मासं! मासं मेल्यात वं!"

सगळी वस्ती बांधावर धावली. काठाशी कटल्यांचा पांढरा थर लागला होता, पोटं वर. काही अजून तोंड वासून गपागप हवा घेत होते. बायकांनी ऊर बडवायचं तेवढं बाकी ठेवलं. विजयमाला गुडघाभर पाण्यात शिरली. तिच्या पायापासून एक बेडूक टुणकन उडाला आणि शेवाळात गेला. मग दुसरा. उथळ पाण्यात काडीएवढी मळ्या माशाची पिल्लं पळत होती. एक पाणसाप मेलेल्या माशांमधून वळवळत गेला.

आणि तिला कळलं. त्याच क्षणी, उभ्याउभ्या कळलं. मॅडमनी हे फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पाण्यात विष पडलं तर बेडूक, साप, लहान मासे, सगळंच मरतं. हवा कमी पडली तर आधी मोठे मासे मरतात, बाकीचे जगतात.

"काय झालं गं? कशानं मेलं?" बायका तिलाच विचारत होत्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं. ती शिकून आली होती, तीच सांगणार होती.

आणि मग तिच्याच तोंडून शब्द निघाले, "कुनीतरी इख घातलंय."

नाव तिनं घेतलं नाही. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगायची, की मी नाव घेतलं नव्हतं. पण कुणीतरी गर्दीतून म्हणालं, "गुंडाआप्पा म्हनलं हुतं, बघतो कसं मासं धरताय." सगळ्यांनी पुन्हा तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. गर्दीनं ती होकारार्थी धरली.

आप्पा दारात बसून दात घासत होते. त्यांना आधी काय चाललंय तेच कळेना. पोरांनी त्यांना ओढत अंगणात आणलं. सगळ्यांच्या पुढं केरबा होता. ज्या चुलत्यानं त्याला वाढवलं त्याच्या थोबाडीत त्यानं दिली. आप्पांची टोपी खाली पडली. कुणीतरी भिंतीवरचं जाळं काढून चुलीतल्या जळत्या लाकडानं पेटवलं. नायलॉनचं जाळं, ते जळलं नाही, वितळून त्याचा काळा गोळा झाला.

आप्पांची बायको आक्का गर्दीतून वाट काढत विजयमालापाशी आली. तिनं तिचे दोन्ही दंड धरले.

"तू शिकून आलीयास, पोरी. तू तरी सांग ह्यास्नी. त्येनं असं केलं न्हाई गं. तू सांगितलंस तर ऐकतील."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"मी काय सांगू, आक्का," ती म्हणाली.

सरपंच लालासाहेब आले, आणखी मारहाण नको म्हणून आप्पांना गाडीत घालून वडूजला पोलिसांकडं घेऊन गेले. सांजच्याला आणून सोडलं. पोलिसांनी मारलं नव्हतं, नुसतं बाकावर बसवून ठेवलं होतं. पण बाजारचा दिवस होता. गावोगावची ओळखीची माणसं येताजाता डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी संयोगिता मॅडम सांगलीहून आल्या. पाहुण्यांचं येणं रद्द झालं होतं. मॅडमनी बाटलीत पाणी घेतलं, मेलेल्या माशाचे कल्ले उघडून पाहिले आणि उभ्या असलेल्या बायकांना विचारलं, "बेडूक मेले का?"

"न्हाई मॅडम," रेश्मा म्हणाली. "ते तर समदे जिवंत हायत."

मॅडमनी विजयमालाकडं पाहिलं. नुसतंच पाहिलं. मग तिला बांधाच्या पलीकडं नेलं.

"खाद्य किती घालत होता?"

विजयमालानं सांगितलं. खोटं सांगायचं त्राण उरलं नव्हतं.

"आणि परवा, आभाळ असताना?"

"घातलं."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. शिकलेल्यांकडूनही होतं. मी ढगाळ हवेनं पाण्यातली हवा कमी झाली एवढंच सांगते. ते खोटंही नाही. तुमचं नाव यायची गरज नाही. पुढच्या वेळी जपा."

मॅडमना आप्पांचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी निघून गेली तरी विजयमाला तिथंच उभी होती. सुटका झाली होती आणि जीव नकोसा झाला होता.

मॅडमनी सांगितलेलं वस्तीत पसरलं. "ढगानं झालं म्हनं. इख असतं तर बेडूकबी मेलं असतं." कुणी आप्पांच्या दाराकडं फिरकलं नाही. प्रत्येकाला आपापला हात आठवत होता. केरबा जेवायला बसला आणि ताटावरून उठला.

"तू पाण्यात शिरली हुतीस," तो म्हणाला. "तुला दिसलं न्हाई व्हय, बेडूक जित्तं हायत त्ये?"

ती त्याचं ताट उचलायला वाकली. केरबानं तिच्याकडं बघितलं, आणि त्याला उत्तर मिळालं. त्यानं आवाज चढवला नाही. स्वतःचा उजवा हात पालथा-उताणा करून बघत तो उंबऱ्यावर बसून राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दोन दिवस तिनं काढले. पाण्याला जाताना ती आप्पांच्या घरावरून जायचं टाळायची, लांबच्या वाटेनं जायची. बायका अजूनही तिला विचारायच्या, आता पुढं काय करायचं, वैनी? त्यांच्या तोंडातला तो 'वैनी' शब्द तिला टोचायचा. शेवटी तिनंच निरोप धाडला आणि म्हसोबाच्या पारावर सगळ्यांना बोलावलं. आप्पा आले नाहीत. आक्का येऊन एका कडेला बसली.

विजयमाला उभी राहिली. मनात जुळवून ठेवलेलं सगळं ती विसरली.

"मासं ढगानं न्हाई मेलं," ती म्हणाली. "माझ्यामुळं मेलं. मी चोरून जादा खाद्य घालत हुते. कुंडलपेक्षा मोठं मासं दिसावं म्हनून. आन् इख न्हाई, हे मला त्याच सकाळी कळलं हुतं. पाण्यात पाय ठेवला तवाच. मी गप बसले. आप्पास्नी मारलं, जाळं जाळलं, तवाबी गप बसले."

एकदमच सगळ्या बोलू लागल्या. एकीनं तिला सोन्यासारखं तळं नासवलंस म्हणून धारेवर धरलं. दुसरी रडायला लागली. रेश्मा उठून म्हणाली, "वैनी, आमी तुमच्या तोंडाकडं बघून समदं केलं वं!" ते वाक्य विजयमालाला बाकी सगळ्या शिव्यांपेक्षा लागलं, कारण त्यात शिवी नव्हती.

आक्का उठली आणि घरी निघाली. विजयमाला तिच्या मागोमाग गेली. केरबाही आला, पण अंगणाच्या बाहेरच थांबला.

आप्पा खाटेवर बसले होते. गालावरचा वळ काळानिळा झाला होता. विजयमालानं पदर घेतला, खाली बसली, त्यांच्या पायांवर डोकं टेकायला गेली. आप्पांनी पाय वर ओढून घेतले.

"कळलं मला," ते म्हणाले. "पारावरचं हितवर ऐकाय येतं."

"आप्पा, माझं चुकलं."

"मला चोर म्हनली असतीस तर सोसलं असतं. रातीचं जाळं टाकून मासं नेलं म्हनली असतीस, तरी सोसलं असतं. नेलंबी असंल एकांदा. पन पाण्यात इख घालनारा म्हनलीस. मला. अगं, त्या पाण्यावर आमी जगलो."

तिला वाटलं, ते आणखी बोलतील. पण ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. केरबा बाहेर उभा राहून रडत होता, डोळे न पुसता. त्याला आत ये म्हणायला कुणी नव्हतं.

गट मोडला नाही. रेश्मा अध्यक्ष झाली. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा बोटुकली सोडली. विजयमालाला गटातून काढा म्हणणाऱ्या होत्या, पण रेश्मानं तिला ठेवली. खाद्य कालवायच्या कामावर, आणि घालताना बरोबर दुसरी बाई. ती नजर ठेवणारी बाई शेजारी उभी राहिली की विजयमालाच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. ती मान खाली घालून कालवत राहायची. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा बघायचं काम ती आता रोज करायची, कुणी सांगायची वाट न बघता.

आप्पांनी त्या तलावाकडं पुन्हा पाऊल टाकलं नाही. केरबानं नवं जाळं आणून त्यांच्या दाराला टांगलं. ते तसंच टांगलेलं राहिलं. उन्हाळ्यात मासे काढले तेव्हा ठरलं की पहिला मासा आप्पांच्या घरी द्यायचा. रेश्मा निघाली होती. विजयमाला म्हणाली, "मी जाते."

दार आक्कानं उघडलं. तिनं ताटलीतला कटला बघितला, मग विजयमालाकडं. आतून आप्पांचा आवाज आला, "कोन हाय?"

"विजयमाला."

आक्कानं ताटली घेतली आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली विजयमालाच्या उंबऱ्यावर होती. स्वच्छ घासलेली, पुसलेली. वस्तीत कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. चिमूटभर साखर, मूठभर दाणे, काहीतरी घालून देतात. ताटलीत काहीच नव्हतं. पण मासा त्यांनी टाकला नव्हता, एवढं तिला आक्काच्या घराकडून आलेल्या कालवणाच्या वासावरून कालच कळलं होतं. ताटली हातात धरून ती तशीच दारात उभी राहिली. मग तिकडून रेश्मानं हाक मारली, मासे तोलायला तराजूपाशी माणसं खोळंबली होती, आणि ती कामाला गेली.