वीतभर बाहेर आलेलं लाकूड

देवराव आणि गुणवंतराव सख्खे भाऊ, एकाच बोळाच्या अल्याड-पल्याड राहणारे. आणि बोलणं म्हणाल तर फक्त भांडायपुरतं!

भांडण विहाराच्या दारावरून लागलं. भद्रावतीच्या त्यांच्या वस्तीत नवा बुद्धविहार बांधून होत आला होता. समितीचे अध्यक्ष थोरले गुणवंतराव, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं, दाराला लोखंडी शटर लावून मोकळं व्हा. देवराव सुतार माणूस. भर सभेत उठला नि म्हणाला, "विहार आहे का किराणा दुकान?" अख्खी सभा खो खो हसली. समितीनं सागाचं दार ठरवलं, काम देवरावलाच दिलं, आणि वैशाख पौर्णिमेला दार उभं करतो असा शब्द त्यानं सगळ्यांसमोर दिला. गुणवंतरावांचा जो जळफळाट झाला तो काही विचारू नका. वर अध्यक्ष म्हणून वनखात्याच्या डेपोतल्या सागाच्या लिलावाला देवरावबरोबर त्यांनाच जावं लागलं. येताना ट्रॅक्टरवर दोघं भाऊ त्याच लाकडांवर बसून आले, पण पाठीला पाठ लावून.

लाकूड मात्र काय आणलं होतं! आलापल्लीकडचा साग, सरळ रेषांचा, गाठ शोधून सापडू नये असा. पण देवरावच्या घरामागच्या शेडमध्ये जागा कुठली? तिथंच रंधा, तिथंच करवत, तिथंच सायकल. लाकडाचे नग जमिनीवर ठेवले तर उधई, म्हणजे वाळवी, दार होण्याआधीच जेवून जाणार. म्हणून देवरावनं रॅक करायला घेतली. ऐनाच्या लाकडाचे तीन उभे खांब भिंतीला बोल्टनं आवळले. त्यातून आडवे हात काढले, खालचे लांब, वरचे आखूड, आणि टोकाकडे जरासे वर उचललेले, म्हणजे लाकूड घसरून अंगावर येत नाही. जड नग खाली, हलके वर, मधे पट्ट्या, म्हणजे हवा खेळते. बायको नीलाबाई म्हणालीसुद्धा, "घरातल्या भांड्यायले कधी एवढी मांडणी केली नाई तुमी." देवराव खूश होता.

फक्त एक झालं. नग शेडपेक्षा लांब. त्यांची टोकं शेडच्या तोंडातून वीतभर बाहेर, दोन्ही घरांच्या मधल्या बोळात आली.

संध्याकाळी गुणवंतराव मीटर-टेप घेऊनच हजर.

"हे काय होय?"

"रॅक होय."

"रॅक दिसून राह्यली मले. हे टोकं माह्या बोळात काऊन आले?"

"वीतभर तं आहे, भाऊ. आन बोळ दोघायची आहे."

"माही गाडी जाते इथून."

"जाते न! गाडी काय, रोडरोलर गेला तरी लागत नाई."

"तोंड नको चालवू. कापतं का नगरपालिकेले बोलावू? सकाळी रॅकच काढून नेतील, बसजो मंग जमिनीवर लाकडं घेऊन."

देवरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं करवत उचलली.

आता आपल्या जिल्ह्यात साग बाळगणारा कोणताही सुतार एक गोष्ट झोपेतही विसरत नाही. डेपोतून लाकूड निघताना त्याच्या बुंध्याच्या टोकावर सरकारी हातोड्याचा शिक्का बसतो, सोबत नंबर. ते टोक दिसेल असं बाहेरच्या बाजूला ठेवायचं, कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून, आणि शिक्क्याचा तुकडा अगदी शेवटपर्यंत राखायचा. घरात डेपोचा कागद असून भागत नाही. कागदावरचा नंबर लाकडावर दिसला पाहिजे, नाहीतर लाकूड चोरीचं धरतात. देवरावनं जन्मभर हेच केलं होतं. आजही शिक्क्याची टोकं म्हणूनच बोळाकडे होती.

नग आत ओढून दुसरीकडून कापायचे, तर सगळी रॅक उतरवावी लागणार. आणि समोर गुणवंतराव टेप लावून उभे! "बोटभर दिसलं नाई पाह्यजे," असं वर म्हणत होते. देवरावनं पहिल्याच टोकावर करवत घातली. शिक्का आहे, हे त्याला दिसत होतं. चांगलं स्वच्छ दिसत होतं. पण त्या माणसासमोर थांबून "जरा चुकलंच" म्हणायचं? मेलो तरी म्हणणार नाही, असं त्याच्या मनात होतं. एकेक टोक खाली पडत गेलं. तुकडे पोत्यात भरून ठेवू, विचारलं कोणी तर दाखवू, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

"झालं समाधान?" त्यानं विचारलं.

गुणवंतरावांनी टेप गुंडाळला आणि ते घरात गेले.

पोतं राहिलं शेडच्या दाराशी. रागाच्या भरात नीलाबाईला सांगायचं राहिलं, आणि सकाळी अंघोळीच्या पाण्याखाली तिनं ते निम्म्याहून जास्त घातलंसुद्धा. उरलं ते देवरावला कळायच्या आत दुसऱ्या सकाळी गेलं. "सागाचे ढलपे मस्त जळतात," असंही म्हणाली बिचारी. देवराव कपाळाला हात लावून चुलीसमोर बसला. तिला बोलणार तरी कोणत्या तोंडानं?

आठवड्याभरात वस्तीतल्या सुतारांची तपासणी निघाली. दरवर्षी निघते, त्यात नवल नाही. वनरक्षक दिव्या मडावी, तरुण बाई, बोलायला नरम. शेडच्या तोंडाशी आली आणि कापलेली ताजी टोकं बघून तिथंच थांबली.

"देवराव भाऊ, शिक्का कुठी आहे?"

देवरावनं कागद पुढे केला. तिनं तो नीट वाचला.

"कागद बरोबर आहे न जी. पण हा कागद ह्याच लाकडाचा, हे मी कशावरून मानू? नंबर तं तुमी कापून टाकला."

"मॅडम, हे विहाराच्या दाराचं लाकूड होय. वस्तीले विचारा."

"मले पंचनामा करा लागते. पंच म्हणून दोघं बोलवा. कोणी डेपोतून आणताना पाह्यलं असंन तर तसं लिहून घेते, मंग वर साहेब पाहतील."

पानठेल्यावाला श्रावण आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. दुसरे शेजारी म्हणून बोलावले ते गुणवंतराव. देवरावचा जीव भांड्यात पडला. भांडण असेल, तोंड पाहायची इच्छा नसेल, पण विहार त्यांचाही होता, आणि ह्याच लाकडांवर बसून ते घरी आले होते. बाहेर वस्ती जमली होती. देवरावनं सगळा ताठा गिळला.

"भाऊ, सांगा न यायले. तुमी होते न संगं."

दिव्या मडावीनं पेन उघडलं. "गुणवंतराव, हे लाकूड कुठून आलं, माहीत आहे का तुमाले?"

गुणवंतरावांनी रॅककडे पाहिलं. मग जमलेल्या लोकांकडे पाहिलं. शटरवरून हसलेली तीच तोंडं होती ती.

"मले काई माहीत नाई," ते म्हणाले. आणि तिनं जिथं बोट ठेवलं तिथं सही करून दिली.

नीलाबाईच्या तोंडून "अगं माय!" निघालं. देवरावला वाटलं, धरावी गचांडी आणि विचारावं. पण हात उठेना. राग येण्याच्याही पलीकडं काहीतरी झालं होतं.

लाकूड जप्त करून न्यायला वनखात्याची पिकअप बोळाच्या तोंडाशी लागली. मजूर आणलेले नव्हते. "मीच भरतो," देवराव म्हणाला, आणि आपल्या हातानं रचलेली रॅक आपल्याच हातानं उतरवू लागला. वरचे हलके नग श्रावण धरू लागला. खालचा सगळ्यात जड नग होता तो दाराच्या चौकटीचा. श्रावण दमून बाजूला बसला होता. देवरावनं एक टोक उचललं, दुसरं काही हलेना. तो तसाच वाकून, दात-ओठ खात उभा राहिला.

तेव्हा गुणवंतराव ओट्यावरून उतरले. का उतरले, त्यांचं त्यांना ठाऊक. बाह्या वर केल्या, बोळात आले, आणि लाकडाच्या दुसऱ्या टोकाला हात घातला.

"हात नोका लावू, भाऊ," देवराव म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमाले माहीत नाई न हे लाकूड कुठलं होय ते. चोरीचं असंन तं?"

गुणवंतरावांचे हात लाकडावरून सुटले. सगळी वस्ती त्यांच्याकडे बघत होती, आणि ह्या वेळी कोणी हसत नव्हतं. देवरावनं टोक खांद्यावर घेतलं आणि नग जमिनीवरून फरफटत, एकट्यानं, गाडीपर्यंत नेला.