पहाटेचा आकडा

"दमा काय घड्याळ बघून येतो?" सुपरवायझर दत्तप्रसाद यांनी विचारलं आणि कंपनीच्या डॉक्टरांचा कागद आम्रपालीपुढे सरकवला. छाती स्वच्छ, कामास योग्य. तपासणी दुपारी दोनची होती.

"तसाच येते, साहेब. दुपारी मी बरी असते. पहाटे जीव नकोसा होते. मले दुपारची पाळी द्या."

खराडीच्या त्या ऑफिसात तिची पाळी साडेपाचला सुरू व्हायची. माणसं यायच्या आत गालिचे साफ व्हायला हवेत. धूळ दुपारीही असायची. पण पहाटेची धूळ छातीत शिरली की तिचा श्वासच अडायचा. बिबवेवाडीच्या दवाखान्यातल्या निशा डॉक्टरांनी तिला श्वासाचा जोर मोजायची, फुंकायची नळी दिली होती; आकडा जितका कमी, तितका श्वास अडलेला. पंधरा दिवसांचे आकडे तिने वहीत लिहिले होते. सकाळी एकशे ऐंशी, संध्याकाळी तीनशे तीस.

"अक्षर तुमचंच ना? मग झालं तर," दत्तप्रसाद वही परत करत म्हणाले.

"उद्या तुमच्यासमोर फुंकते."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तिने नळीत फुंकर मारली. काटा एकशे सत्तरवर थांबला.

"चहा गार करताय का? जोर लावा."

एकशे साठ. मग एकशे चाळीस, आणि ती भिंत धरून खाली बसली. छातीतून शिट्टी वाजत होती. तिने दम्याचा पंप ओढला.

"साहेब, आकडे लिहून सही करा."

"मी डॉक्टर नाही," म्हणत ते लिफ्टकडे गेले.

काच पुसणारी मैना हे बघत होती. तिची पाळी दुपारची. आज ती बदलीवर आली होती.

"तू दुपारी आलीस तर पहाटं मलाच यावं लागंल," ती म्हणाली. "पोरीला शाळेत कोण सोडंल?"

"मले माहीत आहे."

मैनाने तिच्या हातातून वही हिसकावली. तिन्ही आकडे आणि वेळ लिहून खाली सही केली. "डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहिलं. पुन्हा माझ्याशी बोलू नको."

ते पान निशा डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत मुख्य ऑफिसात गेलं. महिन्याभराने पाळ्या बदलल्या. मैनाला पहाट मिळाली.

नव्या पाळीच्या पहिल्या दिवशी आम्रपाली दीडला आली, तेव्हा पहाटेच्या बायका बाकावर जेवत होत्या. मैनाही होती. कुणी सरकलं नाही. आम्रपालीने भिंतीशी उभं राहून डबा उघडला, सावकाश जेवली, डबा धुतला आणि मीटिंगच्या खोलीतला गालिचा झाडायला घेतला.